कोणी भाव केला नाही

मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टर मला खुणेने बाहेर बोलावू लागले, तशी आई स्टुलावरून उठली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "पोट माजा, आनि तुमी भिंतीआड काय बोलता?" डॉक्टर पोरगेलेसे होते, गडबडले. मग त्यांनी तिलाच सगळं सांगितलं. पोटातली गाठ कॅन्सरची आहे, काढण्याच्या पलीकडे गेली आहे, औषधांनी दिवस लांबतील, पण बरं होणार नाही. आईने ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि विचारलं, "बाजारात बसता येल ना?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ती भाजी विकते, असं मी सांगितलं. अंगात ताकद आहे तोवर बसू द्या, म्हणाले.

आमची वाडी आगाशीच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. केळी, अळू, पडवळ, दोन शेवगे आणि कुंपणाला मोगरा. वडील गेल्यापासून वाडी आईच बघायची आणि सकाळी टोपली घेऊन आगाशीच्या बाजारात जाऊन बसायची. मी कामणला एका गोदामाच्या ऑफिसात कारकून होतो. घर माझ्या पगारावर चालत होतं. आता बस कर, असं मी तिला पुष्कळदा म्हटलं. ती म्हणायची, "घरात बसून तुज्या बायकोशी भांडू काय? त्यापरीस बाजारात भांडते."

ते खोटं नव्हतं. भाव करणारं गिऱ्हाईक समोर आलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. मुकाट पैसे देऊन जाणारा माणूस तिला आवडायचा नाही. असल्या माणसाकडे तो दिसेनासा होईपर्यंत ती बघायची आणि शेजारणीला म्हणायची, घरात कोणी विचारत नाय वाटतं याला.

तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या नोकरीपायी देशावरून इकडे आलेल्या, नव्या बिल्डिंगीत राहणाऱ्या. सगळा बाजार त्यांना बाई म्हणायचा. अळूची जुडी उचलून बाई तिच्याकडे अशा बघायच्या, जणू पोराने चुकीचं गणित सोडवून आणलंय.

"काय गं, ही जुडी म्हणायची का? चार पानं नि दोरा."

"दोरा फुकट हाय बाई. पानांचेच पैसे घेते."

"काल याच्या निम्म्यात दिलीस."

"काल तुमी हसून मागितली व्हती."

आजूबाजूच्या भाजीवाल्या हातातलं काम थांबवून ऐकायच्या. भाव शेवटी कुठे येऊन थांबणार ते दोघींना पहिल्यापासून माहीत असायचं. तरी एकही दिवस त्यांनी हा खेळ चुकवला नाही. बाई कधी आमच्या घरी आल्या नाहीत, आई कधी त्यांच्या बिल्डिंगीत गेली नाही. त्यांची मैत्री होती ती त्या टोपलीच्या दोन बाजूंना बसून केलेली.

हॉस्पिटलातून परतताना वाडीच्या वाटेवर आई थांबली. मला वाटलं, दमली. पण तिला बोलायचं होतं. "कोनाला सांगायचा नाय. तुजी बायको नि तुजी बहीन, बस. गावात कळला तर हे लोक मना बाजारात बसू देनार नाय."

मी म्हटलं, कोण अडवणार आहे तुला?

"अडवनार नाय रे. भाव करनार नाय."

त्यात काय एवढं, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मला काकू आठवली. आमच्या काकूला हाच रोग झाला होता. कळल्या दिवसापासून लोक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येऊ लागले. उशाशी थोडं बसायचे, 'होईल बरं' म्हणायचे आणि निघताना दारात कुजबुजायचे. काकू पुढे बरीच जगली, पण गावाने तिला कधीच मसणात पोचवून टाकली होती. तिच्यावर कोणी चिडेना, तिच्याकडे वाटीभर साखर मागायला कोणी येईना. ती गेल्यावर फडताळ उघडलं, तर आत न फोडलेल्या पुड्यांची चळत. आईने ती बघितली होती. माझ्यापाशी कोणी बिस्किट घेऊन आला तर त्याच्याच टाळक्यात घालीन, असं तेव्हाच म्हणाली होती.

तेव्हा आम्ही गप्प राहिलो. औषधं घ्यायला मुंबईला जायचं, ते लोकांना सांगायला गुडघ्यासाठी. केस विरळ झाले, तेव्हा ती पदर डोक्यावरून घ्यायला लागली. उन्हाचं कारण होतंच. बाजारात ती पूर्वीसारखीच बसत होती आणि पूर्वीसारखीच तोंडाळ होती. बाईंना तर ती एकदा म्हणाली, "तुमच्याशी भाव करून करूनच माजे केस गेले." बाई खळखळून हसल्या. मी तिथेच उभा होतो. मला रडू आलं होतं आणि हसूही.

बहीण मस्कतला होती. तिथल्या एका डॉक्टरांना आईचे कागद दाखवावेत असं तिच्या मनात होतं. त्याच सुमारास आमच्या घरी कॉम्प्युटर आला होता. आगाशीतल्या झेरॉक्सवाल्याकडून मी सगळे रिपोर्ट स्कॅन करून सीडीवर घेतले, कॉम्प्युटरमध्ये टाकले आणि बहिणीला पाठवले. ऑफिसात हाताला वळण लागलेलं, त्यामुळे प्रत्येक फाइलला नीट नाव दिलं. 'आई' नावाचा फोल्डर, आत बायोप्सी, केमोच्या तारखा, डॉक्टरांचं मत. इंग्रजी अक्षरांत, कोणालाही सापडावं असं.

इंटरनेट आमच्या गावात केबलवाल्याने आणलं. तो माझ्याच वर्गातला. टीव्हीच्या केबलसोबत दुसरी निळी वायर त्याने माडांवरून, गच्च्यांवरून, शाळेच्या कौलांवरून घराघरांत नेली. कॉम्प्युटर बिघडला की लोक त्याच्याच नावाने शंख करायचे, म्हणून त्याने एक सोय केली. प्रत्येकाचा कॉम्प्युटर त्याने वायरीवरून उघडा ठेवला, म्हणजे त्याला ऑफिसात बसून आत शिरता येई आणि बिघाड काढता येई. आम्हाला विचारूनच केलं. शेजारी किल्ली ठेवतात, तसं वाटलं आम्हाला ते. आणि कॉम्प्युटरला नाव काय द्यायचं? आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, तेव्हा घरं ओळखायची ती खुणेवरून. तळ्यावरचे, विहिरीपाठचे, चिंचेखालचे. आम्ही चिंचेखालचे. केबलवाल्याने कॉम्प्युटरलाही तीच नावं दिली. बाहेरच्या कोणाही माणसाने आकडे दिले असते. पण फोनवर कोणी 'तळ्यावरून बोलतोय' म्हणालं, की आकड्याचं काय लोणचं घालायचं होतं त्याला?

एकमेकांचे कॉम्प्युटर सगळ्यांना दिसत होते. गाणी घ्यायला ठेवलेली असायची, ती लोक घ्यायचे. त्यापलीकडे कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही. गाव साधुसंतांचं होतं असं नव्हे. पण आमच्याकडे वाडीला कुंपण असतं ते गुरांसाठी. फाटक नसतंच. तरी सख्खा भाऊ असला तरी तो कुंपणाशी थांबतो आणि हाळी देतो, "हाय काय कोन?" आतून ओ आली की मगच पाऊल टाकतो. विहिरीवर कोणी न्हात असेल, ओटीवर कोणी रडत असेल, त्याला सावरायला तेवढा वेळ मिळतो. वाट मोकळी आहे म्हणून कोणी सरळ आत येत नाही. आला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

मग ती कंपनी आली. गावच्या पतपेढीने कॉम्प्युटर घेतले होते आणि कंपनीला ते सुरक्षित करून द्यायचं काम हवं होतं. पतपेढीवाले म्हणाले, आधी तपासून दाखवा. त्यांनी परवानगी दिली ती त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची. कंपनीच्या माणसाने तिथे बसून एका दुपारी त्या निळ्या वायरीवरचं एकूण एक घर तपासलं. कोणाला विचारलं नाही. केबलवाल्यालाही नाही.

आम्हाला हे कळलं ते पतपेढीच्या वार्षिक सभेत. शाळेच्या हॉलात सभा होती. मी मागे बसलो होतो. बाईंची ठेव होती, त्या पुढच्या रांगेत होत्या. अहवाल वाचून झाला आणि अध्यक्ष म्हणाले, आता हे पाहुणे आपल्याला महत्त्वाचं काही दाखवणार आहेत. टाय लावलेला एक तरुण उठला. पडद्यावर त्याने एक चित्र टाकलं आणि गावातली घरं एकाखाली एक दिसायला लागली. तळ्यावरचे. विहिरीपाठचे. लोक हसले, आपापलं घर शोधायला लागले. तरुण म्हणाला, "ही सगळी दारं सताड उघडी आहेत, सर. कोणीही आत येऊ शकतो. उदाहरणार्थ, हे बघा." आणि त्याने 'चिंचेखालचे' उघडलं.

त्याला आम्ही कोण, काय, काही ठाऊक नव्हतं. त्याने आपला हाताला आलं ते घर उघडलं. फोल्डर आले, त्यात 'आई' आला, त्याने तो उघडला, आणि तीन नावं हातभर मोठ्या अक्षरांत पडद्यावर उभी राहिली. बायोप्सी. केमोच्या तारखा. डॉक्टरांचं मत.

"मी फाइल उघडत नाही हां," तो म्हणाला. "कोणाची खाजगी गोष्ट असते."

"बंद कर ते!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हॉलातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. पुढच्या रांगेतून बाईही वळल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि हळूच पदर तोंडाला लावला. केबलवाला दाराशी उभा होता, तो भिंतीला टेकून खाली बसला. तरुणाने घाईघाईने पडदा काळा केला. त्याला वाटलं, माणूस घाबरला. म्हणजे आपलं म्हणणं पटलं.

मी घरी आलो तेव्हा आई ओटीवर उद्यासाठी अळूच्या जुड्या बांधत होती. लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. तिने हातातला दोरा दातांनी तोडला.

"बाई व्हत्या काय सभेला?"

"होत्या."

उरलेल्या जुड्या बांधून तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं नाही तोच कुंपणाशी हाळी आली. शेजारचे तात्या होते. मागे दडवलेल्या हातात बिस्किटांचा पुडा.

मी रजा काढून आईबरोबर बाजारात गेलो. नको म्हणाली होती, तरी गेलो. लोक येत होते, रोजच्यापेक्षा जास्त. वाकून बघत, घ्यायचं नसलं तरी पडवळ घेत, सांगितलेला भाव मुकाट्याने देत. सुट्टे परत घेत नव्हते. "असू दे मावशी." एकीने नोट टोपलीच्या काठावर ठेवली, आईच्या हातात दिली नाही; हा रोग शिवून होतो असं तिला वाटलं असेल. शेजारच्या भाजीवालीशी आईचं जागेवरून रोज वाजायचं. तिने आपली गोणी आपणच मागे ओढून घेतली. आईने मुद्दाम तिला चार शब्द सुनावले. तिने मान खाली घातली.

बाई आल्या त्या सगळ्यात शेवटी. जुडी उचलली, उलटसुलट केली नाही. "किती गं?" म्हणाल्या. आईने सांगितलं. बाईंनी पैसे दिले आणि "जपून राहा" म्हणून गेल्या. आई त्यांच्याकडे दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. या वेळी शेजारणीला ती काही म्हणाली नाही.

मी संतापलो होतो. पतपेढीत गेलो. त्या तरुणाला काम मिळालं होतं, तो तिथेच बसून वायरी जोडत होता. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "सर, सॉरी. मला माहीत नव्हतं. पण आम्ही काही तोडलं नाही. दार उघडंच होतं."

"उघडं होतं म्हणून आत यायचं?"

"आम्ही आत आलोच नाही, सर. फाइल उघडली नाही. फक्त नावं वाचली. घरावरची पाटी रस्त्यावरून कोणीही वाचतो."

मी म्हटलं, पाटी वाचणारा माणूस गावातलं प्रत्येक दार ढकलून बघत नाही. आत काय ठेवलंय ते लिहून घेत नाही. आणि मग कुलपं विकायला ते शाळेत जाऊन वाचून दाखवत नाही.

"उद्या चोर आला असता तर? आम्ही तुमच्या भल्यासाठीच..."

"चोर आला असता तर चोरून गेला असता," मी म्हणालो. "चोर निदान दवंडी पिटत नाही."

वाईट मुलगा नव्हता. त्याचे डोळे खरंच ओशाळले होते. मलाही माहीत होतं की दार उघडं होतं आणि ते उघडं असायला नको होतं. त्याच संध्याकाळी केबलवाल्याने एकेक घर फिरून सगळी दारं लावलीही. कंपनी म्हणाली ते खोटं नव्हतं, हाच तर त्रास आहे. अजून कुठे वाचतो की अमक्या कंपनीने न विचारता सगळ्या जगाचे कॉम्प्युटर ठोकून बघितले आणि लोकांचं भलं केलं, तेव्हा पहिल्यांदा मनात येतं, बरोबर आहे. आणि मग तो हॉल आठवतो. त्या दुपारी आमच्या घराची परवानगी घ्यायची म्हटली असती तर त्या तरुणाला कुंपणाशी थांबावं लागलं असतं. आईने आतून ओ दिली असती, नाहीतर हाकलून दिलं असतं. जे काय केलं असतं ते तिने केलं असतं.

"तुम्ही हाळी दिली नाही," निघताना मी त्याला म्हणालो. त्याला तो शब्द माहीत नसावा.

आई त्यानंतरही बाजारात जात राहिली. हट्टाने. मी सांगून बघितलं, बायकोने सांगून बघितलं. ती म्हणायची, विसरतील. लोकांना दुसऱ्याचा दुःख किती दिस पुरतो? पण लोक विसरले नाहीत. आमचं गाव चांगलं आहे, हीच पंचाईत. रोज कोणी ना कोणी तिला सावलीतली जागा देत होतं, तिची टोपली उचलत होतं, सांगेल तो भाव देत होतं.

एका रविवारी मीही बरोबर होतो. निघताना तिने वेगळ्या टोपलीतून एक जुडी काढली. शिळी होती, कडा पिवळ्या पडलेल्या, एका पानाला भोक. गुरांना टाकायची म्हणून ठेवलेली. ती तिने वर ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "चल तू."

बाई आल्या. आईने ती जुडी त्यांच्यापुढे धरली आणि असा भाव सांगितला, की आजूबाजूच्या भाजीवाल्या चमकून बघायला लागल्या. आगाशीच्या बाजारात अळूला असा भाव कोणी कधी लावला नसेल. बाईंनी पर्स उघडली.

"बाई, शिळी हाय ती," आई म्हणाली.

"असू दे गं."

"पानं पिवळी पडलीत. भोक हाय बघा."

"चालतील मला."

"भाव जास्त लावलाय मी." आईचा आवाज चढला होता. "दुप्पट नाय, त्याच्याहून जास्त. लुटते मी तुमाला, बाई. बोला ना काय तरी!"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी पैसे टोपलीत ठेवले, जुडी पिशवीत घातली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "ओरडू नको गं. दमतेस."

आईने तो हात तसाच राहू दिला. बाई गेल्यावर तिने उरलेली भाजी शेजारणीच्या गोणीवर ओतली आणि रिकामी टोपली मला दिली. वाटेत ती माझ्या हाताला धरून चालत होती. याआधी तिने कधी धरलं नव्हतं. कुंपणापाशी आलो तेव्हा म्हणाली, "आज पोचवली मना बाईंनी."

ती पुन्हा बाजारात गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते ती ताकद अजून अंगात होती, पण त्या ताकदीचं तिला काही करायचं नव्हतं. ती ओटीवरच्या खाटेवर निजायची आणि वाटेवरून जाणाऱ्या लोकांचे आवाज ऐकायची. केळी तोडायला आली, तोडली, विकायला मी माणूस लावला. त्याने कितीला विकली ते तिने विचारलं नाही.

एका संध्याकाळी कुंपणाशी हाळी आली. शुद्ध भाषेतली, जरा अवघडलेली. "आहे का कोणी घरात?" बाईंचा आवाज. त्या पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या आणि रीत कोणाला तरी विचारून आल्या असणार, कारण मोकळी वाट असूनही त्या चिंचेखाली थांबून राहिल्या होत्या. मी आईकडे बघितलं. तिने आवाज ओळखला होता. डोळे टक्क उघडे होते.

"सांग, झोपलीय," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी कुंपणापर्यंत गेलो आणि तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली, मग पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि आत जाऊन फडताळात ठेवला. तिथे आधीचे बरेच होते.